विश्लेषण : घरच्या म्युझिक स्टुडिओसाठी लाकडी मांडणी करून घेताय? सुताराला बोलावण्यापूर्वी कोणती मापे हाती हवीत?

फ्लॅटमधील दहा बाय दहाची एक खोली, त्यात संगणक, ऑडिओ इंटरफेस, दोन मॉनिटर स्पीकर, एक माइक आणि कोपऱ्यात तानपुरा. घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी आज एवढे सामान पुरते. सामान वाढू लागले की भिंतभर लाकडी मांडणी करून घेण्याचा विचार सुरू होतो. सुतार येतो, भिंत मोजतो आणि नेहमीच्या शोकेससारखे कप्पे करून देतो. पहिला पावसाळा सरतो तोवर मधली फळी वाकलेली असते, रॅकमधील यंत्र कप्प्यात बसत नसते आणि बेस वाजला की पाठीमागचे प्लायवूड थरथरते. यात सुताराची चूक फारशी नसते. त्याला वजन, रुंदी आणि खोली यांचे आकडे कोणी दिलेलेच नसतात. हे आकडे कुठून येतात आणि त्यातून कमी खर्चाची, टिकाऊ मांडणी कशी ठरते, याविषयी...

आधी काय मोजायचे?

भिंतीच्या आधी सामान मोजावे. प्रत्येक वस्तूची रुंदी, उंची, खोली आणि वजन एका कागदावर लिहावे. खोली मोजताना यंत्राच्या मागे निघणाऱ्या वायरीही धराव्यात. ऑडिओ केबलचा प्लग आणि तिचे वळण यांना मागे आणखी ६० ते ८० मिमी जागा लागते.

बारा इंची एलपी तबकडीचे कव्हर सुमारे ३१५ मिमी लांब-रुंद असते. तिचा कप्पा निदान ३३० मिमी उंच हवा, नाही तर तबकडी काढताना बोटे आत जात नाहीत. तबला-डग्ग्याची जोडी रिंगांसह मोजावी. हार्मोनियमची पेटी साधारण दोन फूट रुंद असते, त्यामुळे ती नेहमीच्या कप्प्यात मावत नाही. तिच्यासाठी शेजारी ठेंगणे स्टूल किंवा चौरंग बरा. तानपुरा चार ते पाच फूट उंच असतो. त्याला कप्पा करण्याऐवजी मांडणी आणि भिंत यांच्यामध्ये उभी मोकळी जागा ठेवून खाली गादी घालावी. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या तानपुऱ्याचा भोपळा नाजूक असतो आणि फळीच्या कडेचा एक धक्काही त्याला तडा द्यायला पुरेसा ठरतो.

१९ इंचांचे गणित काय?

प्रीअॅम्प, पॅचबे, पॉवर कंडिशनर अशी स्टुडिओतील बरीच यंत्रे एका ठरलेल्या रुंदीत बनतात. हे माप विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या टेलिफोन यंत्रणेतून आले आणि आजही ध्वनिमुद्रणापासून सर्व्हरपर्यंत सगळीकडे तेच चालते. यंत्राची पुढची पट्टी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिमी रुंद असते. उंची ‘यू’मध्ये मोजतात. १ यू म्हणजे ४४.४५ मिमी. बारा यूच्या रॅकला ५३३ मिमी उंची लागते.

म्हणून रॅकच्या कप्प्याची आतील रुंदी ४८६ ते ४९० मिमी ठेवावी लागते. सुताराने दीड फूट म्हणून ४५७ मिमी ठेवली तर यंत्र आतच जात नाही. ५२० मिमी ठेवली तर यंत्र ज्यांवर स्क्रूने बसते त्या लोखंडी पट्ट्यांमागे लाकडाचे तुकडे भरावे लागतात. या पट्ट्या आधी विकत आणाव्यात, कप्पा त्यांच्यावरून मोजून करावा.

फळी का वाकते?

भरलेल्या एलपी तबकड्या पुस्तकांपेक्षाही जड पडतात. एक फूट रुंदीत साधारण ७० तबकड्या बसतात आणि कव्हरांसह त्यांचे वजन १६ किलोच्या आसपास जाते. तीन फुटी फळी भरली की तिच्यावर ४८ किलोचा भार येतो.

दोन टोकांना टेकवलेल्या फळीचा बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, असे अभियांत्रिकीचे सूत्र सांगते. फुटामागे वजन तेवढेच ठेवून फळी दुप्पट लांब केली तर ती १६ पट जास्त वाकते. जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो. १८ मिमीऐवजी २५ मिमी जाडीची फळी घेतली तर ताठपणा सुमारे पावणेतीन पट होतो.

यावरून एक उदाहरण पाहू. १८ मिमी प्लायवूडची ४०० मिमी खोल फळी ९०० मिमी लांब असेल आणि एलपींनी भरली, तर ढोबळ हिशेबाने मध्यभागी जवळपास ४ मिमी बाक येतो. तोही पहिल्या दिवसाचा. लाकूड कायमच्या ओझ्याखाली महिनोन् महिने हळूहळू आणखी वाकत राहते. हीच फळी ४९० मिमी लांब ठेवली तर बाक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत राहतो. जाड प्लायवूडसाठी पैसे मोजण्यापेक्षा मध्ये एक उभी फळी घालणे म्हणूनच स्वस्त पडते.

लांब फळी टाळता येतच नसेल तर तिच्या पुढच्या कडेला ४० मिमी उंच, १८ मिमी जाड सागाची पट्टी उभी बसवावी. एवढ्या एका पट्टीने वरच्या उदाहरणातील फळीचा ताठपणा जवळपास दुप्पट होतो. शोभेसाठी लावली जाणारी पातळ बीडिंग हे काम करत नाही.

तीन शीटमध्ये काय बसते?

रॅकसाठी ४९० मिमी रुंदी लागते आणि तबकड्यांची फळी न वाकण्यासाठीही तेवढीच रुंदी योग्य ठरते. त्यामुळे सगळे कप्पे ४९० मिमीचे केले की एकच माप दोन्ही कामांना चालते.

खोलीचे माप प्लायवूडच्या शीटवरून ठरते. आठ बाय चार फुटांची शीट २४४० बाय १२२० मिमी असते. करवतीच्या प्रत्येक कापात ३ ते ४ मिमी लाकूड जाते. ४०० मिमी रुंदीच्या तीन पट्ट्या आणि दोन काप यांना १२०८ मिमी लागतात, म्हणजे एका शीटमध्ये तीन पट्ट्या बरोबर बसतात. खोली ४२० मिमी धरली तर दोनच पट्ट्या निघतात आणि शीटचा जवळपास एक तृतीयांश भाग उरतो. हा २० मिमीचा फरक संपूर्ण खर्चात दिसतो.

तीन उभ्या रांगांची २१०० मिमी उंच मांडणी धरली तर चार उभ्या फळ्या लागतात, म्हणजे चार पट्ट्या. प्रत्येक रांगेत तळ आणि माथा धरून पाच आडव्या फळ्या धरल्या तर १५ तुकडे होतात. एका पट्टीतून चार तुकडे निघतात, त्यामुळे त्यांना आणखी चार पट्ट्या लागतात. एकूण आठ पट्ट्या, म्हणजे तीन शीट. नववी पट्टी खालच्या बैठकीला वापरता येते. मांडणीची एकूण रुंदी १५४२ मिमी, सुमारे पाच फूट होते.

उभ्या फळ्या कापल्यावर प्रत्येकीचा सुमारे ३३५ मिमीचा तुकडा उरतो. एलपीच्या कप्प्याची उंचीही तेवढीच ठेवली तर हे चार तुकडे चार कप्प्यांमध्ये मधले उभे आडोसे म्हणून बसतात. तबकड्या उभ्याच ठेवायच्या असतात. त्या एकमेकींवर कलल्या तर वाकतात आणि आडव्या थप्पीत ठेवल्या तर खालच्यांवर वजन येते. घरात आजोबांच्या काळातील नाट्यसंगीताच्या ७८ आरपीएम तबकड्या असतील तर हे आडोसे आणखी जवळ हवेत, कारण लाखेच्या त्या तबकड्या ठिसूळ असतात. अशा चार कप्प्यांत साधारण ४०० एलपी मावतात. त्यांचे वजन १०० किलोच्या आसपास जात असल्याने हे कप्पे सर्वांत खाली असावेत.

पाठीसाठी ९ मिमीची एक शीट पुरते. ती तीनपैकी दोन रांगांना झाकते आणि रॅकची रांग मागून मोकळी राहते. यंत्रांच्या उष्णतेला ती वाट लागतेच. फळ्या नुसत्या स्क्रूवर न लटकवता उभ्या फळीत ६ मिमीची खाच पाडून, गोंद लावून बसवाव्यात. तसे करायचे असेल तर आडवी फळी ४९० ऐवजी ५०२ मिमी कापावी. पट्टीतून चार तुकडे तरीही निघतात.

कोणते लाकूड घ्यावे?

प्लायवूडवर आयएसआय खुणेबरोबर मानकाचा क्रमांक छापलेला असतो. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचे प्लायवूड. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लायवूड, जे ओलाव्याला अधिक तोंड देते. खोली कोरडी असेल तर पहिले चालते. कोकणात, मुंबईत किंवा भिंतीला ओल येत असेल तर निदान खालच्या भागासाठी दुसरे घ्यावे. शीटच्या लांबीतून पट्ट्या काढल्या की वरच्या थराचे रेषे फळीच्या लांबीत येतात आणि ती अधिक ताठ राहते.

एमडीएफ गुळगुळीत असते, रंगही चांगला घेते, पण त्याचा ताठपणा प्लायवूडच्या साधारण निम्मा असतो आणि पाणी लागलेली कड फुगते. पार्टिकल बोर्ड ओलाव्यात त्याहून लवकर जाते. ब्लॉकबोर्ड हलका आणि लांबीत ताठ असतो, मात्र त्याच्या कडेत स्क्रू सगळीकडे सारखा धरत नाही. सागाची घन फळी देखणी दिसते, पण ती ऋतूनुसार रुंदीत फुगते आणि आक्रसते. तिला चारही बाजूंनी घट्ट जखडले तर चीर पडू शकते.

भिंतभर शेल्फ लावल्याने आवाज बाहेर जायचा थांबतो का?

नाही. शेल्फविषयीचा हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. आवाज अडवायला वजनदार आणि हवाबंद थर लागतो. दाराखालची फट, खिडकीची सरकती काच आणि एसीच्या पाइपसाठी पाडलेले भोक उघडेच असेल, तर पुस्तकांनी आणि तबकड्यांनी भरलेली भिंत फारसा फरक पाडत नाही. शेजाऱ्यांचा त्रास कमी करायचा असेल तर पहिला खर्च दाराच्या रबरी पट्टीवर आणि खिडकीवर करावा.

उलट चुकीच्या शेल्फमुळे त्रास वाढतो. भिंतीत ठोकलेल्या फळीवर थेट स्पीकर ठेवला की त्याची कंपने भिंतीत आणि तिथून स्लॅबमध्ये जातात. वरच्या किंवा शेजारच्या घरात ऐकू येणारी ‘धम धम’ बहुधा याच वाटेने पोहोचते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढता कामा नये.

मग खोलीतील आवाजावर काय परिणाम होतो?

मोकळ्या सपाट भिंतीवरून आवाज आरशासारखा परत येतो. टाळी वाजवली की येणारा झणझणीत प्रतिध्वनी त्याचाच. कमी-जास्त खोलीच्या वस्तूंनी भरलेले शेल्फ हा परत येणारा आवाज विखुरते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांनी १९७०च्या दशकात वेगवेगळ्या खोलीच्या खाचांचे गणित मांडले आणि स्टुडिओतील लाकडी ‘डिफ्यूझर’ त्यातूनच आले. घरचे शेल्फ इतके नेमके काम करत नाही. पण वस्तू एका रेषेत न लावता काही पुढे, काही मागे ठेवल्या तर मधल्या आणि वरच्या स्वरांत फरक जाणवतो. त्यासाठी मांडणी ऐकणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीला असणे चांगले. एका बाजूला भरलेले शेल्फ आणि दुसऱ्या बाजूला मोकळी भिंत असेल तर डाव्या-उजव्या कानांना वेगळी खोली ऐकू येते आणि मिक्स करताना अंदाज चुकतो.

खालच्या स्वरांचे काय? दहा फुटी खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर घुमतो. बेस गिटारची ए तार ५५ हर्ट्झची असते, म्हणजे नेमका तोच स्वर या खोलीत फुगून ऐकू येतो. खोली चौरस असेल तर लांबी आणि रुंदी दोन्हींचा घुमारा एकाच ठिकाणी पडतो. या स्वराची तरंगलांबी सहा मीटरच्या वर असल्याने ४०० मिमीचे शेल्फ त्याला काही करू शकत नाही. त्यासाठी कोपऱ्यात रॉकवूलचे जाड बेस ट्रॅप लागतात आणि मांडणी आखतानाच ते कोपरे मोकळे सोडावे लागतात. भिंतीच्या टोकापासून टोकापर्यंत शेल्फ भरू नये, याचे हे मुख्य कारण.

स्पीकर मांडणीत न ठेवता वेगळ्या स्टँडवर ठेवावेत. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, साधारण १.२ मीटरवर यावा. जागेअभावी फळीवरच ठेवायचे असतील तर खाली दाट फोम किंवा रबराचे पॅड घालावेत. स्पीकर कप्प्याच्या आत न ढकलता पुढच्या कडेशी आणावा.

भिंतीला ठोकायचे की जमिनीवर उभे करायचे?

नव्या इमारतींतील आतल्या भिंती अनेकदा एएसी ब्लॉकच्या असतात, ज्यांना बोलीत सिपोरेक्स म्हणतात. हे ब्लॉक हलके आणि सच्छिद्र असतात. साधा प्लास्टिकचा गिट्टा त्यात काही दिवस धरतो आणि मग सैल होतो. त्यासाठी खास गिट्टे किंवा केमिकल अँकर लागतात. तबकड्या आणि यंत्रे यांचे वजन अशा भिंतीवर टांगण्यापेक्षा मांडणी जमिनीवर उभी करावी. वर दोन ठिकाणी एल क्लँपने ती भिंतीला धरावी, म्हणजे लहान मूल चढले तरी ती पुढे कलंडत नाही. भाड्याच्या घरातही हाच मार्ग सोयीचा, कारण भिंतीत दोनच भोके पडतात. ड्रिल करताना स्विचबोर्डच्या थेट वर किंवा खाली भोक पाडू नये. वायरीचा पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो.

वरच्या मापांची मांडणी, ४०० तबकड्या आणि यंत्रे मिळून वजन पावणेतीनशे किलोपर्यंत जाऊ शकते. घरातील खोल्यांच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ मानक चौरस मीटरमागे सुमारे २०० किलो भार धरते. खोलीभर विभागून पाहिले तर एक मांडणी त्यात बसते. पण ती भिंतीलगतच ठेवावी. गॅलरीत किंवा बाल्कनी आत घेऊन केलेल्या जागेत ठेवू नये. संग्रह हजारोंच्या घरात असेल किंवा इमारत जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावे.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

पावसाळ्यात किनारपट्टीवर हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्याच्या दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास येते. लाकडी वाद्यांना ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. ती दाखवणारा छोटा हायग्रोमीटर शेल्फवर कायम असावा.

मांडणी बाहेरच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीला लावू नये. दुसरी जागाच नसेल तर मागे ४० ते ५० मिमी अंतर सोडावे, म्हणजे हवा खेळते आणि ओल लाकडात उतरत नाही. खाली १०० मिमीची बैठक असली की फरशी पुसताना पाणी फळीला लागत नाही आणि वाळवी आली तर वेळीच दिसते. कंडेन्सर माइक उघड्या कप्प्यात न ठेवता सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावा. पॉलिशचा वास पूर्ण गेल्याशिवाय तबकड्या आणि वाद्ये आत लावू नयेत. गिटार टांगायच्या हुकाचे रबरही तपासावे. नायट्रोसेल्युलोज फिनिशच्या गिटारवर काही रबरांचे कायमचे डाग पडतात.

काम हाती घेताना काय तपासावे?

प्रत्येक कप्प्याच्या मागे वायरींसाठी ६० मिमीचे भोक सुताराकडून आधीच पाडून घ्यावे. जोडणी झाल्यावर ड्रिल करायला जागा उरत नाही. विजेच्या वायरी एका बाजूने आणि ऑडिओच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात. त्या एकमेकींना छेदणार असतील तर काटकोनात छेदाव्यात, त्याने ५० हर्ट्झची गुणगुण कमी होते. गरम होणाऱ्या यंत्राच्या वर १ यू जागा मोकळी सोडावी.

सुताराला चित्राबरोबर कापायच्या तुकड्यांची यादीही द्यावी. कोणत्या मापाचे किती तुकडे, कोणत्या फळीवर किती वजन आणि कप्प्याची आतील रुंदी किती, हे त्यात स्पष्ट असावे. बाहेरून मोजलेले आणि आतून मोजलेले माप यांत दोन फळ्यांच्या जाडीचा, म्हणजे ३६ मिमीचा फरक पडतो आणि बहुतेक घोळ तिथेच होतो. बाजारात १८ मिमी म्हणून मिळणारी शीट प्रत्यक्षात किंचित कमी-जास्त जाडीची असू शकते. म्हणून खाच पाडण्याआधी तिची जाडी मोजून घ्यावी.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी दोन चाचण्या कराव्यात. एक, सर्वांत भरलेल्या फळीखाली दोरी ताणून धरावी आणि मधला बाक मोजावा. तोच आकडा महिन्याने पुन्हा पाहावा. दोन, मोबाइलवरील टोन जनरेटर अॅप स्पीकरला जोडून ३० ते २०० हर्ट्झपर्यंत स्वर हळूहळू वर न्यावा. ज्या स्वराला मांडणीत कुठेतरी खरखर होते तिथे हात ठेवून पाहावे. हात ठेवताच आवाज थांबला तर पाठीच्या प्लायवूडला त्या जागी आणखी एक स्क्रू किंवा फेल्टची पट्टी लागते. हे काम सुतार समोर असतानाच करून घ्यावे. एकदा यंत्रे आणि तबकड्या लागल्या की त्या फटीपर्यंत हात पोहोचवण्यासाठी सगळी मांडणी रिकामी करावी लागते.